पौषात धरलेली दोरी

३ जानेवारी १९३६, शुक्रवार. गावी.
सकाळच्या गाडीनं कामशेत, तिथून पायी. घड्याळदुरुस्तीच्या दुकानाला कुलूप. लोणावळ्याची गिऱ्हाइकं कुरकुरतात, हुसेनभाई, दर जुम्म्याला घड्याळं आजारी पडली तर करायचं काय? म्हटलं, रविवारपर्यंत मरत नाहीत.
मशिदीची मेहराबीकडची भिंत, म्हणजे नमाजेला जिच्या कमानीकडे तोंड करतो ती, पावसाळ्यानंतर पोट सुटून फुगली होती, आज बघतो तर हात घालता येईल एवढी फट. नमाजेनंतर जमातीत ठरलं, भात झोडून झालंय, गडी मोकळे आहेत, तर भिंत उतरवून बकरी ईदेच्या आत उभी करायची. जुन्याच पायावर.
सगळे गेल्यावर सहज खिशातलं होकायंत्र काढलं. (बंगलेवाल्या साहेबाच्या लिलावातलं. काच बदलून, सुईवर चुंबक फिरवून मीच चालू केलेलं.) काटा बघून वाटलं बिघडलं. मक्का पश्चिमेला, पण भिंत पश्चिमेला नाहीच. नैऋत्येकडे सरकलेली, चांगलीच.
जवळ गवंड्याची पहार पडली होती. लोखंडानं काटा भुलतो. पहार लांब नेऊन ठेवली. तरी तेच.

४ जाने., शनि.
एकट्या होकायंत्रावर विसंबणं हे अर्धवट माणसाचं काम. अंगणात खुंटी ठोकली, भोवती दोरीनं वर्तुळ काढलं. सकाळी सावलीचं टोक वर्तुळाला जिथं शिवलं तिथं खूण, दुपारनंतर पुन्हा शिवलं तिथं दुसरी. दोन खुणा जोडल्या की ती रेघ पूर्व-पश्चिम. सुईची गरज नाही, साहेबाची गरज नाही.
आई ओट्यावरून बघत होती. "दिसभर सावलीमागं फिरतूयास. डोकं फिरलंय का ऊन लागलंय?"
होकायंत्र बरोबर. भिंत चुकीची.

७ जाने., मंगळ. लोणावळा.
शाळेतल्या मास्तरांकडे पृथ्वीचा गोळा आहे. त्यांचं भिंतीवरचं घड्याळ मी चालतं ठेवतो, त्यामुळे गोळ्यावर माझा हक्क. आपल्या जागेपासून मक्केपर्यंत दोरा ताणला. माझी समजूत होती की दोरा सरळ पश्चिमेला जाईल. गेला नाही. निघतानाच थोडा उत्तरेला कलला आणि वर कमान घेऊन मक्केवर उतरला. नकाशावर हे दिसत नाही, कागद सपाट असतो.
मास्तर म्हणाले, "हुसेनभाई, तुमचा देव सुद्धा भूमितीत बसतो की."
म्हटलं, मास्तर, भूमिती त्यानंच बसवलीय.
दोघंही खूष. त्यांनी चहा मागवला.
तर हिशेब असा. किबला, म्हणजे मक्केची दिशा, पश्चिमेच्या थोडा उत्तरेला. आपली भिंत पश्चिमेच्या बरीच दक्षिणेला. मिळून फरक काटकोनाच्या तिसऱ्या हिश्शाला येतो. आमचं गाव इतकी वर्षं आफ्रिकेला तोंड करून उभं आहे.

१० जाने., शुक्र. गावी.
पेशइमाम साहेबांना सांगितलं. (पुढे पे. सा.) मूळचे जुन्नरकडचे, वयानं वाकलेले, अरबी पक्की, विनोद त्याहून पक्का. मला वाटलं होतं खुंटीचं ऐकून चिडतील. ते म्हणाले, "वर्तुळ काढून सावली धरली ना? आमच्या किताबांत ती रीत आहे. नाव ठाऊक आहे? हिंदी दायरा. अरबांनी नाव दिलं हिंदी, आणि हिंदुस्तानात बसून मी उभ्या जन्मात एकदाही खुंटी ठोकली नाही. पाठ मात्र आहे."
मी ती रीत कुठल्याशा इंग्रजी सर्वेच्या पुस्तकातून उचलली होती. अभिमान वाटत होता. थोडा उतरला. मग वाटलं, उतरायला नको, दोन्ही वाटांनी एकाच ठिकाणी आलो. पेपरात रोज छापून येतं की विद्या जुनी की नवी, धर्म की सायन्स. लिहिणाऱ्यांनी एकदा खुंटी ठोकावी.
विचारलं, मग आजवरच्या नमाजा?
"झाल्या. काटकोनाच्या निम्म्यापर्यंत इकडेतिकडे झालं तरी होते, असं आमच्या बुजुर्गांनी ठरवून ठेवलंय. तुझा तिसरा हिस्सा त्याच्या आत आहे."
मग मोजायचं कशाला?
"माहीत नव्हतं तोवर ठीक. आता तू मला सांगून बसलास. आता माझीही झोप गेली."
एवढ्यात चाँदभाई आले. कामशेतचे किराणावाले, भिंतीच्या दगडाचे पैसे त्यांच्याकडून. ऐकून भडकले. "म्हणजे आमच्या बापजाद्यांनी काय आफ्रिकेच्या हबश्याला सलाम ठोकला? आणि पायाची ती रेघ मारली कुणी, ठाऊक आहे का शहाण्या? तुझ्याच बापानं!"
हे मला ठाऊक नव्हतं.

११ जाने., शनि.
आईला विचारलं. भाकरी थापत होती, थांबली नाही.
"व्हय. तुज्या बानंच. पौसाचं दिस. भात झोडून झालतं, खळी मोकळी. त्याबिगर मानसं गावायची कुटं? सांजच्याला सूर्य डोंगराआड जातूय का नाय तवर बा त्येच्याकडं तोंड करून हुबा ऱ्हायला. दोरीचं येक टोक त्येच्या हातात."
आणि दुसरं?
"दुसरं माज्या. बाकीचे समदे दगडाला गेलते. तू पोटात हुतास."
आता सगळं उघड झालं. सूर्य मावळतो ती पश्चिम, हे बाचं खरं, पण वर्षातून दोनच दिवस. पौषात सूर्य दक्षिणेला मावळतो. त्यातून आपला डोंगर उंच, सूर्य खाली टेकायच्या आधीच आड जातो, म्हणजे आणखी दक्षिणेला. भाताच्या गावची माणसं भात झाल्यावरच बांधायला घेणार. वैशाखात रेघ मारली असती तर जवळजवळ बरोबर आली असती.
हे सगळं तिला समजावून सांगितलं. चुलीतल्या राखेत काढून दाखवलं. ऐकून घेतलं. मग म्हणाली,
"म्हंजी त्येच्या नमाजा गेल्या व्हय वाया?"
पे. सा. काय म्हणाले ते सांगितलं. काटकोनाचा निम्मा.
"त्ये इमामसायबाचं झालं. तू काय म्हनतूस?"
मी राख सारखी केली. सेकंदाचा काटा कुठे अडकतो ते सांगू शकतो मी. एवढंच.


१६ जाने., गुरु. लोणावळा.
चार दिवस कामात घातले. एक फ्रेंच खिशातलं घड्याळ तीन कारागिरांनी टाकून दिलेलं, माझ्याकडे चालू झालं. गिऱ्हाईक म्हणालं, तुमचा हात कुणी घडवला? कुणी नाही. बा शेतकरी होता. त्यानं मला शाळेत फार घातलं नाही, पण शेताचा बांध डोळ्यानं सरळ धरायला शिकवलं. हे मी गिऱ्हाइकाला सांगितलं नाही.
आईशी रोज मनातल्या मनात बोलतो आहे. सगळे वाद मीच जिंकतो.

१७ जाने., शुक्र. गावी.
जमात बसली. चाँदभाईंचा मुद्दा: पाया घट्ट आहे, पायाला हात लावू देणार नाही. माझा मुद्दा: माहीत असून चुकीची भिंत पुन्हा उभारणं म्हणजे ठरवून चुकणं. गवंडी मध्येच म्हणाला, "भिंत तिरकी घिऊ व्हय? घिऊ. मग वरची कौलं कशावर ठिवू, तुमच्या टोप्यावर?" सगळे हसले. मी सुद्धा, उशिरा.
पे. सा. नी दोघांना गप्प केलं. भिंत जुन्या पायावर. पण मेहराब त्या जाड भिंतीतच किबल्याकडे वळवून कोरायची आणि फरशीवर चुन्याच्या रेघा नव्या दिशेनं आखायच्या, लोक त्यावर उभे राहतील. कोपऱ्यात चारदोन जागा फुकट जातील. "तिथं चाँदभाई उभे राहतील, रागानं कोपऱ्यात जायची त्यांना सवय आहे."
चाँदभाईच मोठ्यानं हसले. झालं, मिटलं.
मग पे. सा. माझ्याकडे वळले. "रेघा आखून झाल्या की त्या जुम्म्याला तू उभा राहून सांगायचं, तोंड का वळवायचं. मराठीत. मी अरबीत सांगितलं तर सवाब, म्हणजे पुण्य, मिळेल, समजणार कुणाला नाही."
मशिदीत मी बोलायचं, मराठीत, गोळा आणि खुंटी! आमच्याकडे हे आजवर झालेलं नाही. घरी येताना पाय जमिनीवर नव्हते.
दारात आई. "आइकलं. म्हंजी समद्या गावाम्होरं बापाची चूक सांगनार."

२४ जाने., शुक्र.
भिंत खांद्याला आली. मेहराबीचा कोन मी गवंड्याला लाकडी साचा करून दिला. तो म्हणाला, भाऊ, एवढं बारीक कुणी बगनार न्हाई. मी बघणार आहे.
भाषणाचा मसुदा तीनदा झाला. पहिल्यात बाचं नावच नाही. वाचून लाज वाटली, चोरून पुसल्यासारखं. दुसऱ्यात म्हटलं, त्या काळी साधनं नव्हती. हे खोटं, खुंटी आणि सूर्य त्या काळीही होते. तिसऱ्यात 'चूक' हा शब्द आहे. आई त्या दिवशी मशिदीच्या बाहेर भिंतीला लागून बसणार आहे. बायका आत येत नाहीत, पण ऐकू सगळं येतं.
पे. सा. ना मसुदा दाखवला. म्हणाले, कोन तुझे बरोबर आहेत, त्यात मला काही कळत नाही. बाकीचं तुझ्या आईचं आहे.

३० जाने., गुरु. गावी.
दुकान लवकर बंद करून आलो. दुपारी चुन्याच्या रेघा स्वतः आखल्या. सुंदर आल्या. खरं सांगायचं तर त्या खोलीत उभं राहून मला फार बरं वाटलं. खोली बाची, रेघा माझ्या, आणि दोन्हींचं तोंड शेवटी एकीकडेच जायचं.
संध्याकाळी मसुदा आईला वाचून दाखवला. 'चूक' या शब्दाशी थांबलो. म्हटलं, हे काढू का?
"काढू नगंस. चूक झाली तर चूक म्हन." मग तांदूळ निवडत निवडत, "पन दोरीचं दुसरं टोक कुनाच्या हातात हुतं त्ये बी सांग. येकल्याच्या डोक्यावर नगं घालूस. तो काय आता उठून बोलनार हाय?"
म्हटलं, आई, मशिदीत तुझं नाव घेतलं तर चाँदभाई पुन्हा पेटतील.
"पेटू दे की. आनि आजून येक. उद्या तुजीबी चूक कुनीतरी काढंल. त्या मानसाला आत्ताच सांगून ठिव, जरा गोड बोल म्हनावं."
माझ्यात चूक निघायची नाही, म्हटलं.
इतकी हसली की सूप हलून तांदूळ सांडले.
वाक्य लिहिलं आहे: ही रेघ माझ्या आईबापांनी मिळून धरली होती. पुढचं वाक्य अजून जमलेलं नाही. चूक आणि नमाज ही दोन्ही एका वाक्यात बसवायची आहेत, आणि दोन्ही खरी राहिली पाहिजेत. उद्या उभा राहीन तेव्हा येईल, किंवा येणार नाही.
सकाळी ऊन पडलं की खुंटीची सावली पुन्हा एकदा घ्यावी म्हणतो. खात्री आहेच. तरी.