वारसाचा रकाना

४ मार्च

चि. भावोजी यांस अ. उ. आ.

पाकिटावर सवयीने तुम्ही 'सौ.' लिहिलंत. वाईट वाटून घेऊ नका, मला काहीच वाटलं नाही. यांना जाऊन तीन महिने झाले, तेव्हापासून कशाचंच काही वाटत नाही. दुकानात पँटी आखूड करते, घरी येते, जेवते.

तुम्ही दोघे भाऊ फासे टाकून, मांत्रिक-योद्धे होऊन खेळायचात, त्या खेळाचं नवं पुस्तक यांच्या नावाने आलं. आत तीन नवे मांत्रिक आहेत. बसून वाचलं. एक सावली खर्चून जादू करतो. आभाळ भरून आलं की हा घरी बसणार का? मौनी प्रत्येक मंत्रामागे एक शब्द कायमचा गमावतो. तुमच्यासारख्या बडबड्यांना ते झेपायचं नाही. गाठकरी दोऱ्याच्या गाठीत मंत्र बांधून ठेवतो. लिहिणाऱ्याने जन्मात सुई धरलेली नसावी. ओली गाठ सुटता सुटत नाही, आणि हा पठ्ठ्या नदीत उभा राहून सोडतो.

यांच्या खेळाच्या खोक्यात यांच्या मांत्रिकाचा कागद सापडला. खोकं रद्दीत देणार आहे, कागद हवा तर कळवा. वारसाच्या रकान्यात नुसतं 'ही' लिहून सोडलंय. ही काठी की ही झोळी, कोण जाणे.

बाकी ठीक. लोभ आहे तसा असू द्या.

तुमची वहिनी

९ मार्च

ती. वहिनींना सा. न. वि. वि.

खोकं देऊ नका. दादाचा मांत्रिक गुहेच्या तोंडाशी उभा आहे आणि आम्ही डाव तिथेच थांबवलाय. त्याच्या जागी वारस खेळायला आला तर काठी त्याला मिळते, डाव पुढे जातो. नाहीतर या रविवारी कायमचा गुंडाळायचा, असं ठरलंय.

रकान्यातलं ते 'ही' अर्धवट नाही. दादा आमच्यात तुम्हाला दुसरं काय म्हणायचा? ही म्हणते, हिला विचारतो, ही रागावेल. खेळ चालवणाऱ्या सूत्रधाराने वारसाचं नाव स्पष्ट लिहायला सांगितलं, तर म्हणाला, स्पष्टच लिहिलंय.

गाठकऱ्याबद्दलचं तुमचं मत सूत्रधाराला वाचून दाखवलं. आता नियम बदलतोय.

धाकट्यावर माया ठेवावी, ही विनंती.

तुमचा भावोजी

१२ मार्च

चि. भावोजी यांस अ. उ. आ.

तुमचं पत्र दुकानातच वाचलं. मला नाव आहे, नावाने हाक मारा, म्हणून चौदा वर्षं यांच्याशी भांडले. कानाला इतकी सवय, पण लिहिलेलं कधी पाहिलं नव्हतं, म्हणून ओळखलं नाही. तीन महिन्यांत पहिल्यांदा रडले. मांडीवर गिऱ्हाइकाचा कोट होता, तो पुन्हा इस्त्री करून द्यावा लागला.

रविवारी येते. काठी घेईन, पण होणार गाठकरीच. माझा कागद मीच भरलाय. नाव लिहिलं, वय लिहिलं. वारसाच्या रकान्यापाशी बराच वेळ बसून राहिले, मग 'हे' लिहिलं. असं चालत नाही असं सूत्रधार म्हणालाच, तर तेवढं मला सांगू नका.

आठवण ठेवता, अशीच ठेवा.

तुमची वहिनी