भावजींचं फाटक मोडल्याबद्दल

ती. ताईस,

तुझ्या धाकट्या बहिणीचा (आहे अजून, असं मी तरी धरून चालते) साष्टांग नमस्कार. साष्टांग हे नुसतं लिहायची पद्धत म्हणून लिहीत नाही. सकाळपासून मी खरोखरच जमिनीवर पालथी पडले आहे आणि पट्टीने कपाटाखालचे ठोकळे बाहेर ओढते आहे. तुझा गुडघा कसा आहे? टाके निघाले का? भूक लागते का, झोप होते का? सगळं उत्तम असेल अशी मनापासून आशा करते, कारण पुढे मी जे लिहिणार आहे ते आजारी माणसाला लिहिण्यासारखं नाही. तू फोन उचलत नाहीस. घरी यावं तर दार उघडायला भावजींना पाठवतेस आणि आतून "झोपलेय म्हणून सांगा" असं मला नीट ऐकू येईल एवढ्या आवाजात सांगतेस. म्हणून दोन गल्ल्या पलीकडे राहणाऱ्या सख्ख्या बहिणीला पत्र लिहायची पाळी आली आहे माझ्यावर.

आधी कामाचं बोलते. ऑपरेशन ठरलं तेव्हा तू म्हणालीस की दोन महिने ठोकळ्यांच्या खोलीवर जरा लक्ष ठेव, तिथे तसं काही काम नसतं. काही काम नसतं! हे बोलताना तुझी जीभ अडखळली कशी नाही? लोकांकडून मुलांचे जुने, एकमेकांत अडकवायचे ठोकळे आणि त्यांतली ती बोटाएवढी प्लास्टिकची माणसं गोळा करायची, धुवायची, निवडायची, विकायची आणि त्यातून दवाखान्यातल्या मुलांसाठी खेळघर उभं करायचं, हे ऐकायला फार गोड वाटतं. पोतं उघडलं की सगळा गोडवा उतरतो. (ठोकळ्यांखेरीज आत काय काय निघतं ते लिहीत नाही, तू कदाचित जेवत असशील. फक्त एक दात निघाला एवढं सांगते. लहान होता. पण दात तो दातच.) माझ्या घरात आता एकाही उशीला अभ्रा नाही. सगळे अभ्रे पोटात ठोकळे भरून, तोंडाला दोरी बांधून मशीनमध्ये गरगर फिरत असतात आणि मशीन असा काही आवाज काढतं की खालच्या मजल्यावरचे मास्तर दोनदा वर येऊन विचारून गेले, भिंत पाडताय का. तिसऱ्यांदा आले ते स्वतःच्या घरचं पोतं घेऊन. तू असतीस तर त्यांना चहा दिला असतास. मी दार लावून घेतलं. माणसांची तर वेगळीच कथा. ती मशीनमध्ये टाकली तर तोंडं पुसली जातात, म्हणून एकेक धरून दातांच्या ब्रशने घासायची. मग डोकी एका डब्यात, केस दुसऱ्यात, धडं तिसऱ्यात, पाय चौथ्यात. आमच्या ह्यांनी परवा बिस्किटांचा समजून डोक्यांचा डबा उघडला. आतली पिवळी तोंडं एकदम आपल्याकडे बघून हसताहेत म्हटल्यावर त्यांनी डबा मिटला आणि चहा न घेताच बाहेर पडले. त्याचंही खापर माझ्याच डोक्यावर.

आणि तुझे ते नियम! खोलीच्या भिंतीवर, ठळक अक्षरात, जशी काही मी पहिलीतली मुलगी आहे. जोडलेलं आलं की मोडायचं, आत मळ राहतो. त्याखाली दोन रेघा मारून, हळहळायचं नाही. मी लोकांची विमानं मोडली, किल्ले मोडले, पाच पायांचं एक जनावर आलं होतं (कुणीतरी फार मन लावून केलं होतं गं), तेही मोडलं. नखं गेली. दातांनी मोडायला तू मनाई केली आहेस, म्हणून माझ्या दाढेचं काय झालं ते तुला सांगत नाही. तेवढ्यात तुझ्या घरचं पोतं आलं. खुद्द भावजी खांद्यावरून घेऊन आले, दारात ठेवलं आणि पाणीसुद्धा न पिता गेले. उघडून बघते तर वरच फाटक! जन्मभर रेल्वेच्या फाटकावर नोकरी केलेल्या माणसाने निवृत्त झाल्यावर घरी बसून, एकेक ठोकळा पारखून उभं केलेलं ते फाटक. दोरा ओढला की वर जाणारा दांडा. बाजूला केबिन. केबिनपाशी टोपीवाला माणूस, ज्याला भावजींनी पेनने स्वतःच्यासारखी मिशी काढली होती. आणि दांड्याच्या पलीकडे डबा घेऊन ताटकळत उभी असलेली बाई. (ती बाई मात्र पोत्यात नव्हती. वाटेत कुठे पडली असेल, असं मी समजले.) घरी कोणी आलं की भावजी आधी दांडा वर-खाली करून दाखवायचे आणि मग म्हणायचे, ही आमची मंडळी, गाडी जाईपर्यंत थांबली आहे. पाहुणे हसायचे. तू आत निघून जायचीस.

आता नीट आठव. मी तुला फोन केला. तेव्हा तू फोन उचलत होतीस. मी विचारलं, ताई, हे फाटक चुकून आलंय का? तू काय म्हणालीस? "भिंतीवर काय लिहिलंय ते वाच." एवढंच बोलून ठेवून दिलास. मी वाचलं. मी मोडलं. मी त्या टोपीवाल्याला ब्रशने इतकं घासलं की मिशी गेली. ठोकळे धुतले, सुकवले, ज्याच्या त्याच्या डब्यात टाकले. आणि आठवड्याभरात भावजी दारात उभे! चपला बाहेर काढून, हात मागे बांधून, अगदी हळू आवाजात म्हणाले की फाटक तुम्ही नेलंत असं ही म्हणते, असेल तर जरा बघता का.

मी नेलं? मी? तुझ्या कपाटावर चढून? ताई, लहानपणी तू दूध सांडलंस की माझं नाव सांगायचीस, ते मी सोडून दिलं होतं. पण आता आपले केस पिकलेत गं! आणि भावजी चार शब्द बोलले असते तर मलाही तोंड उघडता आलं असतं. त्यांनी आपलं कोपऱ्यातलं बुटकं स्टूल ओढलं आणि डोक्यांचा डबा मांडीवर घेऊन आपला मिशीवाला शोधत बसले. ती मिशी मी गटारात घालवली आहे हे त्यांना सांगायला माझी जीभ रेटली नाही. तुझं नावही घेतलं नाही. का नाही घेतलं? मूर्ख म्हणून, दुसरं काय.

तेव्हापासून रोज येतात. आणि आले की नुसते बसत नाहीत. गिऱ्हाईक दिसलं की उठून दारात हात आडवा धरतात, आतलं बाहेर पडल्याखेरीज बाहेरच्याला आत सोडत नाहीत. माझी गिऱ्हाइकं पोराबाळांसकट रस्त्यावर ताटकळतात आणि आत मी एकटी माशा मारते. (सवयच ती. तू सांगायचीस ना, समोर गरम डबा घेऊन तू उभी असलीस, गाडीचा धूरसुद्धा दिसत नसला, तरी नियम म्हणजे नियम म्हणून तुलाही सोडायचे नाहीत आणि जेवण गार व्हायचं.) मापाच्या एका मगभर ठोकळ्यांना आपला दर ठरलेला आहे. भावजी तो मग हलवून हलवून ठोकळे खाली बसवतात आणि वर आणखी ओतून देतात. पोरं त्यांच्यावर खूश आहेत. दुकान बुडतंय, पण पोरं खूश आहेत!

परवा तो भिंगवाला आला. तोच, इस्त्रीच्या शर्टातला, जो माणसांची डोकी भिंगाखाली धरून बघतो आणि खेळायचं सोडून काचेच्या कपाटात मांडून ठेवतो. त्याने अर्धा डबा उपसला, एक डोकं उचललं, नाक मुरडलं आणि परत टाकून दिलं. म्हणाला, माल खराब आहे, नाकाखाली शाईचा डाग आहे. भावजी स्टुलावरून असे उठले की स्टूल आडवं झालं. भिंग त्याच्या हातातून जवळजवळ हिसकावलंच. मिशी होती! पुसट, पण होती. ताई, भावजी तळहातावर ते एवढंसं डोकं घेऊन खिडकीपाशी जाऊन उभे राहिले आणि कितीतरी वेळ आमच्याकडे पाठ करूनच होते. मला तुझा एवढा राग आला, एवढा राग आला, की त्या क्षणी तू समोर असतीस तर मी तुझा दुसरा गुडघाही ऑपरेशनला पाठवला असता.

म्हणून आता शेवटचं सांगते. फाटक पोत्यात तू घातलंस आणि मोडायलाही तूच सांगितलंस, हे रविवारच्या आत भावजींना तुझ्या तोंडाने सांग. नाहीतर मी सांगते. मग माझ्याशी कायमचं बोलू नकोस, मला काही फरक पडत नाही. औषधं वेळेवर घे. जिन्याचा कठडा धरून उतर.

तुझी (माझा नाइलाज आहे),
धाकटी

ता. क. हे पत्र भावजींच्याच हाती पाठवते आहे. चारही बाजूंनी चिकटपट्टी लावणार आहे, तेव्हा त्यांनी वाचलं असेल अशी शंका नको.

ता. क. २. चिकटपट्टी भावजींकडे होती. मागायला गेले, त्यांनी विचारलं एवढं काय लिहिलंय, आणि माझ्या तोंडून सगळं बाहेर पडलं. ताई, त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत आहे! ते पोतं त्यांनीच आणलं ना? सगळ्या रस्ताभर फाटकाचा दांडा पोत्यातून त्यांच्या कानाला टोचत होता म्हणे. मी म्हटलं, मग तेव्हाच का नाही बोललात, आणि माझ्या नावावर बिल फाडून रोज इथे येऊन का बसता? तर म्हणाले, वाटेत उघडून पाहिलं तर बाई पोत्यात नव्हती, हिला आता दांड्यापाशी ताटकळायचं नाही हे तेव्हाच कळलं. आणि ठोकळे वेचून हवे होते, नव्याने बांधायला. तुम्ही दोघं नवरा-बायको मिळून मला वेड लावणार आहात. माझे अभ्रे तेवढे भरून दे.

ता. क. ३. पत्र द्यायचं राहिलं, तेवढ्यात नवं फाटक बांधून झालं आहे. ते विकायचं नाही, खेळघरात ठेवायचं आहे, म्हणजे पोरांना दांडा वर-खाली करता येईल. पण अपुरं काही द्यायचं नाही हाही तुझाच नियम, तेव्हा बाई पाठव. कुठे आहे म्हणून विचारू नकोस, तुझ्या औषधांच्या डब्यात, गोळ्यांच्या मागे उभी आहे, भावजींनी पाहिली आहे. या खेपेला त्यांनी केबिन रुंद केली आहे आणि आत दोन खुर्च्या टाकल्या आहेत. त्यांचा निरोप आहे की दांडा कधी वर करायचा, ते यापुढे बाईने ठरवावं.