संगणकाला घाम फुटला

रिकुबेत्सु, होक्काइदो
६ जानेवारी

चि. मित्सुआकी यास,
ताईचे अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

काल आम्ही ओबिहिरोच्या इस्पितळातून घरी परतलो. तुझ्या भाऊजींच्या गळ्याला द्यायचे किरण एकदाचे संपले. डॉक्टर म्हणाले, स्वरयंत्र काढलेली जखम छान भरलीय, आता फक्त जपा. गळ्याला पाडलेल्या भोकातूनच श्वास घेतात ना, हवा कोरडी झाली की आत खपल्या धरतात आणि श्वास अडकतो. म्हणून खोलीत सतत वाफ हवी. मी आल्या आल्या स्टोव्हवर किटली चढवली.

घर महिनाभर बंद होतं. नळांतलं पाणी काढून गेलो होतो म्हणून नळ वाचले, पण पिंपातले मुळे दगड झालेत. स्टोव्ह पेटला, खोली ऊबदार झाली आणि खिडक्यांवरून पाण्याच्या धारा लागल्या. तेवढ्यात माझं लक्ष टेबलाकडे गेलं. तू जोडून दिलेल्या संगणकाच्या पेटीला नुसता घाम फुटला होता! जाळीतून डोकावले तर आतही थेंब.

हे निघाले लगेच वायर लावायला. त्यांचा सगळा आवाज त्या पेटीत आहे, तुला ठाऊकच आहे. ऑपरेशनच्या आधी बसून बोलून ठेवलेला, आणि दुसरी प्रत काढायची राहिलेली. मी वायर हिसकावली आणि बजावलं, मित्सुआकीचं पत्र येईपर्यंत कोणी हात लावायचा नाही. भारी चिडले. पाटीवर लिहिलं की तू बायको आहेस की हवालदार. मी म्हटलं, दोन्ही. वायर लपवून ठेवलीय.

फोन का नाही केला म्हणून विचारू नकोस. या घरात एकाला बोलता येत नाही आणि दुसरीला ऐकू येत नाही. फॅक्सचं यंत्रही गारठ्याने बंद पडलंय. माझे कान आहेत तसेच आहेत. काय करायचं ते लगेच कळव.

आपल्याच देशाच्या दक्षिणेला, तुझ्या कोचीत ऊन असेल, ते थोडं पाकिटात घालून पाठव. माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी ताई,
हिसानो

---

रिकुबेत्सु
७ जानेवारी

प्रिय मित्सुआकी यास,
तोकुजीचा स. न. वि. वि.

हे पत्र तुझ्या ताईला न सांगता लिहितोय. ती अंगणातला बर्फ ओढायला गेलीय.

तिला वाटतं मी हट्टी म्हातारा, स्वतःचाच आवाज ऐकायला उतावीळ झालोय. वाटू दे. माझं मला काय करायचंय? तीस वर्षं गुरांच्या बाजारात लिलाव पुकारला, पोटभर ऐकलाय मी तो. पण ओबिहिरोला तिचेही कान तपासून घेतले. डावा तर गेलेलाच आहे. उजवाही बर्फ वितळेपर्यंत टिकला तर नशीब, असं डॉक्टर म्हणाले. ती तुला लिहिणार नाही, म्हणून मी लिहितोय. घरी येताना गाडीत म्हणाली, की लग्नाआधी मी तुम्हाला पाहिलं नव्हतं, बाजाराच्या कुंपणापलीकडून ऐकलं होतं तेवढंच.

आता कळलं ना तुला, मला घाई कसली आहे ते?

वायर मला सापडलीय. पण ओल्या यंत्रात वीज सोडायला मी काही इतका खुळा नाही. आधी खोली कोरडी करायला हवी. म्हणून ती बाहेर गेली की मी किटली उतरवून ठेवतो आणि ती यायच्या आत परत चढवतो. किटली गाते की नाही हे तिला कुठे ऐकू येतंय? घसा जरा ओढल्यासारखा होतो, पण ते मी बघून घेईन. पेटी स्टोव्हजवळ सरकवलीय. तुझ्या पत्राची वाट पाहतो. पण फार काळ पाहणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

या पत्राचा बोभाटा करू नकोस. आपलेपणा आहे म्हणूनच हे सांगतोय.
तोकुजी

---

कोची
१० जानेवारी, जलद टपालाने

ती. ताई व ती. भाऊजी यांस,
मित्सुआकीचा शि. सा. न. वि. वि.

दोघांची पत्रं एकाच सकाळी मिळाली. भाऊजी, माफ करा, तुमचं गुपित मी ठेवणार नाही. ताई, पुढचं वाचायच्या आधी ऊठ आणि किटली स्टोव्हवर आहे का बघ. नसेल तर चढव. तू बाहेर गेलीस की हे ती उतरवतात. भाऊजी, आवाज कदाचित परत मिळवता येईल, श्वास मिळवता येणार नाही. एवढं कळत नाही का तुम्हाला? धाकटा आहे म्हणून थांबतो, नाहीतर आणखी बोललो असतो.

आता पेटीचं. बाहेरून आत आलं की चष्म्यावर धुकं धरतं ना, तेच तिला झालंय. गार लोखंडाने खोलीतली वाफ ओढून घेतली. बाहेरून पुसलीत तरी आत ओल असते, आणि ओलीत वीज गेली की जळतं. तुम्ही दोघांनी वायर लावली नाहीत तर निम्मं काम झालं. ती स्टोव्हपासून आधी लांब करा. एका बाजूने भाजून आतलं पाणी जात नाही, ते दुसऱ्या कोपऱ्यात जाऊन बसतं. केस वाळवायचं यंत्रही नको.

भाऊजींना वाफ हवी आणि पेटीला नको, तेव्हा दोघांना एका खोलीत ठेवूच नका. मागची झोपायची खोली मंद गरम करा. पेटी पिशवीत घालून, तोंड बांधून तिकडे न्या, आणि तिथल्या हवेइतकी ऊबदार झाली की मगच पिशवी काढा. बाजूचं झाकण उघडा. जमिनीवर नको, बाहेरच्या भिंतीला टेकून नको. त्या खोलीत कपडे वाळत घालू नका, दार लावून घ्या. चांगले दोन-तीन दिवस जाऊ देत. नंतरही तिचा मुक्काम तिथेच ठेवा आणि ती खोली कधी गोठू देऊ नका. पुन्हा घर बंद करायची वेळ आली तर पेटी पिशवीत बांधून जा, आल्यावर पिशवीतच गरम होऊ द्या.

सुरू झालीच तर आधी सोबत पाठवलेल्या सीडीच्या चकत्यांवर प्रत काढा. त्याआधी एक शब्दही ऐकायचा नाही. मी निघालोच असतो, पण वादळामुळे तुमच्याकडची विमानं बंद आहेत. ताई, कानाचं मला का नाही लिहिलंस?

रागावलोय, म्हणजे जीव आहे हे समजून घ्यावं.
मित्सुआकी

---

रिकुबेत्सु
१८ जानेवारी

चि. मित्सुआकी यास,
ताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र दोन दिवस उशिरा आलं.

अकरा तारखेला मी स्वयंपाकघरात भात लावत होते. पाठ दाराकडे. ऐकू तर काही येत नव्हतंच, पण पायाखालची फळी थरथरली. वाटलं, छपरावरचा बर्फ घसरला. पुन्हा थरथरली. धावत गेले तर हे जमिनीवर, ओठ निळे, मूठ फळीवर आपटताहेत. किटली खाली ठेवलेली. खपली गळ्यात अडकली होती. इस्पितळात शिकवलं होतं तसं मिठाचं पाणी भोकात थेंब थेंब सोडलं, नळीने ओढायला गेले, पण ती निघेना. रस्ता बर्फाने बुजलेला. शेजारच्या कुवातांना हाका मारल्या, ते ट्रॅक्टर घेऊन आले आणि पुढचा बर्फ लोटत लोटत आम्हाला दवाखान्यात नेलं. तिथल्या नर्सने चिमट्याने ती खपली काढली. करंगळीच्या पेराएवढी होती रे. श्वास आत गेल्याबरोबर यांचा रंग पालटला.

घरी आल्यावर मी दोन दिवस यांच्याशी बोलले नाही. मुक्या माणसाशी अबोला धरला, हसशील तू. तुझं पत्र आल्यावर कळलं हा उपद्व्याप कशासाठी चालला होता. पत्र यांच्यासमोर टाकलं आणि विचारलं, की तुमचा आवाज ऐकायला तुम्हीच नसाल तर तो मी ऐकू कशाला? यांनी पाटी बाजूला ठेवली आणि उठून किटलीत पाणी भरलं.

मग तू सांगितलंस तसंच सगळं केलं. मागच्या खोलीचं दार लावून घेतलं. हे पुढच्या खोलीत किटलीजवळ, मांजर माशाच्या टोपलीजवळ बसतं तसे दाराकडे डोळे लावून. काल कुवातांच्या मुलीला बोलावलं, तिला यातलं कळतं. तिने आत बॅटरी मारून पाहिलं, कोरडं ठणठणीत. वायर लावली. पडदा बराच वेळ काळाच राहिला. मी यांचा हात धरला होता. मग उजेड आला. प्रत निघेपर्यंत जे बसलो, ते बसणं वैऱ्याच्याही वाट्याला येऊ नये.

मग उजव्या कानाला हेडफोन लावला, आवाज होता तेवढा मोठा केला. आधी इस्पितळाने वाचायला दिलेली वाक्यं. पाणी द्या, खिडकी लावा. हे असे वाचत होते, जणू स्टेशनावर गाड्या पुकारताहेत. आवाज यांचाच, पण मला काही झालं नाही. मनात म्हटलं, एवढ्यासाठी मरायला निघाला होता हा माणूस?

आणि मध्येच माझा आवाज! वाक्यं संपल्यावर यांनी यंत्र बंदच केलं नव्हतं. सामन माशात मीठ जास्त झालंय यावरून आमची जुंपली आहे. मी म्हणतेय जिभेला चव राहिली नाही तुमच्या. हे गुरगुरताहेत, लिलावातला तोच खर्ज, कुंपणापलीकडून यायचा तोच. मी मुलीला म्हटलं, पुन्हा लाव. शेवटी हे काय म्हणतात माहीत आहे? बरं बाई, तुझंच खरं.

एवढ्या वर्षांच्या संसारात हे वाक्य मी कधी ऐकलं नव्हतं. बहिरा कान यांच्याकडे होता की काय त्या दिवशी! मी रडता रडता हसत होते. हे पाटीवर लिहून विचारत होते काय झालं, काय झालं. सांगितल्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, की तेवढं पुसून टाक. मी म्हटलं, उशीर झाला, प्रत निघालीय.

बर्फ वितळेपर्यंत मी रोज ऐकणार आहे. त्यानंतरचं त्यानंतर.

इथे सगळं कोरडं ठेवायला शिकवलंस, लोभ तेवढा ओला राहू दे.
तुझी ताई,
हिसानो