धाकटीचं न्हाय

आई, तुझी धाकटी सकाळी एकटीच एसटीनं उमरग्याला गेली आहे. तिची परतीची बस जळकोटला यायला अजून बराच वेळ आहे आणि माझं कशातच चित्त लागत नाही. मघाशी कुकर लावला तर त्यात पाणी घालायचं विसरले, करपल्याचा वास आल्यावर कळलं. तू गेलीस तेव्हा ती कडेवर घेण्याच्या वयाची राहिली नव्हती, तरी मी तिला कडेवर घेऊनच माझ्या सासरी आणलं होतं. तुझ्या जावयानं एका शब्दानं कुरकुर केली नाही. आता ती अठरा वर्षांची झाली. समज अजून पाचसहा वर्षांच्या पोरीची आहे, पण अंगानं बाई झाली आणि बघणाऱ्याला आधी तेवढंच दिसतं.

शाळा होती तोवर मला घोर नव्हता. तिच्यासारख्या पोरांची उमरग्याची शाळा, गाडी दारातून न्यायची आणि दारात आणून सोडायची. पण अठरा पूर्ण झाली की तिथं ठेवून घेत नाहीत. शेवटच्या वर्षी बाईंनी मला बोलावून विचारलं, "आता पुढं काय करणार?" मी म्हटलं, "घरी राहील, मी हाय की." बाई म्हणाल्या, "आणि तुम्ही नसल्यावर?" मग त्यांनीच वर्षभर तिला बस ओळखायला, फोन लावायला शिकवलं. तिथंच एक मावशी कडक भाकरी आणि शेंगाचटणी करून विकतात, त्यांच्याकडं कामाला लावून दिलं. भाकरी पिशवीत भरायची आणि पिशवीचं तोंड बंद करायचं. मावशी म्हणतात, हिच्या हातून भाकरी मोडत नाही. तेव्हा कामाची मला भीती नाही. भीती तिच्या 'व्हय'ची आहे.

ते तू शिकवलंस. आठवतं का, पाव्हणे आले होते, तिला नाव विचारलं आणि ती नुसती बघत राहिली. ते हसले. तू चुलीपुढं भाकरी थापत होतीस. पाव्हणे गेल्यावर तू तिला जवळ बसवलंस, गुळाचा खडा हातात धरलास आणि म्हणालीस, "कुणी काय बी इचारलं तर मान हलवायची अन् व्हय म्हणायचं." ती व्हय म्हणते, तू गूळ देतेस. पुन्हा व्हय, पुन्हा गूळ. मी मधी बोलले, "आई, कशाला व्हय म्हणायचं ते तरी तिला कळू दे." तू भाकरी उलथलीस आणि माझ्याकडं न बघताच म्हणालीस, "न्हाय म्हणणाऱ्या शहाण्या बाईला बी मारतेत. हिला कोण सोडंल?" मार खाणारी ती शहाणी बाई तूच होतीस, हे त्या घरात मलाही ठाऊक होतं. आणि तुझं खरंही झालं. तिला कुणी कधी मारलं नाही. सगळं गाव म्हणायचं, पोर लई गुणी हाय.

पण बाईंनी वर्गात परका माणूस असल्याचं सोंग करून पोरींना विचारलं, "चल माझ्या गाडीवर, तुला आइस्क्रीम देतो," तर सगळ्यांत आधी आपली उठली. व्हय म्हणून चपला घालायला लागली. बाई मला म्हणाल्या, "हिला नाही म्हणता येत नाही तोवर मी हिला एकटी बसमध्ये बसवणार नाही. घरीपण रोज काहीतरी उलटं विचारा." म्हणून मी एकदा विचारलं, "चहात मीठ घालू का?" ती व्हय म्हणाली. मी खरंच घातलं, म्हटलं आता तरी तोंड वाकडं करील. तिनं तो सगळा चहा पिला आणि पेला विसळून ठेवला. आई, ह्या पोरीला कुणी काहीही पाजलं तरी ती पिणार.

मग रोज तेच. "धोंडा खाशील का? न्हाय म्हण." "न्हाय." हळूहळू जमलं, पण मी 'म्हण' म्हटल्यावरच. वर्ष संपलं, काम लागलं, म्हणून बाईंनी तेवढ्यावरच तिला एकटी सोडली. मधे एकदा सकाळी इथल्या स्टँडवर कुणीतरी विचारलं, "सोलापूरला जायचं का गं?" ती व्हय म्हणाली आणि त्यानं प्रेमानं हात धरून तिला उलट्या बाजूच्या गाडीत बसवून दिलं. नळदुर्गाला कंडक्टरनं उतरवून घेतलं आणि मला फोन केला, म्हणून बरं. तो माणूस भला होता गं. सगळे भलेच भेटतील असं मी कसं धरून चालू?

काल तिला यायला उशीर झाला. मी पायात चप्पल न घालताच निघाले, तर ती हायवेच्या कडेनं एकटी चालत येत होती. तिच्या मागोमाग आमच्या गल्लीतला एक जण मोटारसायकल हळूहळू चालवत आला. ह्यांच्या उठण्याबसण्यातला आहे. मला म्हणतो, "वैनी, घरी सोडतो म्हणलं तर गाडीवर बसंना की. तीनदा इचारलं. न्हाय, न्हाय, एकच धोशा. लई शेफारली बगा." तो हसत होता. मीही हसले आणि म्हटलं, "लहान हाय, राग धरू नका." त्याच्या मनात काय होतं देव जाणे. काही नसेलही. पण तीनदा कशाला विचारायचं?

घरी आल्यावर तिला पाणी दिलं, जवळ घेतलं. मी विचारलं, "उद्यापासून नको जाऊ. माझ्यापाशी घरीच ऱ्हा. ऱ्हाशील न्हवं?" तिनं पेला खाली ठेवला आणि माझ्या तोंडाकडं बघत म्हणाली, "न्हाय, अक्का. काम हाय मला."

'म्हण' असं कुणी म्हटलं नव्हतं. बाईंना लगेच फोन करायला पाहिजे होता, त्यांचं वर्ष ह्यासाठीच गेलं. मी केला नाही, ह्यांनाही सांगितलं नाही. तुला पोचणार नाही म्हणून तुला लिहिते, आई. काल मी विचारलं तेव्हा मला तिचं व्हयच पाहिजे होतं. आत्ता ती बसमध्ये बसली असेल, आणि अजूनही मला तेच पाहिजे आहे.