घरच्या बोलीची ओटी

मी, काळूराम येसाजी नाखवा, जात कोळी, पूर्वी प्राथमिक शिक्षक, हल्ली पेन्शनर, राहणार दांडवाडी, पेटा उरण, जिल्हा कुलाबा, लिहून ठेवतो की छाती पोकळ झाली असली तरी डोके जागेवर आहे. कोणी पाजून किंवा दरडावून हे लिहवून घेतलेले नाही. यापूर्वी मी मृत्युपत्र केले नव्हते. करण्याजोगे काही आहे असेच वाटत नव्हते. डॉक्टरांनी पावसाळ्यापलीकडचे बोलणे सोडून दिले, म्हणून आज बसलो आहे.

कागद पुस्तकी मराठीत लिहितो आहे, कारण कोर्ट परके आहे. परक्याशी पुस्तकी बोलावे, घरच्याशी घरची बोली बोलावी, हे मी नोकरीभर शिकवले. त्याचे काय झाले ते पुढे येईल.

कलम १. राहते घर, ओटी व मागील परसू ही माझी स्वकष्टार्जित मिळकत आहे. वडिलांनी जाळे ठेवले होते, ते फाटले. हे घर मी माझी विधवा मुलगी केसर हिला देत आहे. ओटीवर बिगरीचा वर्ग भरतो, तो तिने चालवावा. चिरंजीव सदा मुंबईस एका कचेरीत कारकून आहे. ओटी मिठाच्या व्यापाऱ्याला गोणी ठेवायला द्यावी असा त्याचा विचार आहे, तो त्याने दिवाळीत माझ्यासमोर बोलून दाखवला. मी तेव्हा खोकत होतो. माझे उत्तर आता वाचावे: ओटीवर गोणी पडणार नाहीत.

कलम २. केसरला घर का, हे कोर्टाला कळावे म्हणून सांगतो. आमच्या वाडीतली मुले शाळेत येत, पुस्तकातले पहिले पान ऐकत आणि पळत. मास्तर काय बोलतो हेच त्यांना कळत नसे. मग मास्तर छडी उचलत असे, आणि मूल कायमचे मासळी सुकवायला जाई. मीही असाच मार खाऊन शिकलो. पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात असताना आमच्या प्रिन्सिपॉलांनी हे ऐकून घेतले. पुढे त्यांच्याच खटपटीने स्कूल बोर्डाने मला सन १९२६ साली प्रयोगाची परवानगी दिली: बिगरीत सारे शिक्षण घरच्या बोलीत, आणि पहिलीपासून पुस्तकी मराठी तिच्या जोडीला. शेजारच्या आगरवाडीत जुन्या रीतीने वर्ग चालायचा, आणि अखेरीस दोन्हींची तुलना व्हायची होती. आगरवाडीचा वर्ग होळीपर्यंत निम्मा रिकामा झाला. माझ्या वर्गात बसायला जागा पुरत नव्हती. ते दिवस माझ्या आयुष्यात सर्वांत चांगले गेले.

कलम ३. आमच्या वाडीचा पाटील बाबाजी याने प्रयोगाला पहिल्या दिवसापासून पाय आडवा घातला. चावडीवर सर्वांदेखत मला म्हणाला, "मास्तर, घरचा बोलना आईस शिकवते. त्याला शाला कनाला पायजे? पोरांना सायबाचा बोलना शिकव, गोदीत तरी चिकटतील." आपल्याच माणसाने असे म्हणावे याचा मला पुढे शाळा तपासायला आलेल्या डेप्युटीपेक्षा जास्त राग आला. त्या रागासह बाबाजीला माझी काठी देणार होतो, पण ती पेलण्याची त्याची ताकद उरलेली नाही. त्याने साक्षीला यावे, एवढेच.

कलम ४. डेप्युटीसाहेब तपासणीला आले ते पुढच्या साली, नेमके नारळी पुनवेच्या दिवशी. आमच्या वाडीची रीत अशी की दर्याला द्यायच्या नारळाला ज्याचा हात लागला, तो त्या दिवसापासून वाडीचा. पाटलाने मोठ्या मानाने साहेबांचा हात नारळाला लावला, मुलांनी टाळ्या पिटल्या. दुसऱ्या दिवशी परीक्षा झाली. साहेबांनी तक्त्यावरच्या होडीच्या चित्रावर छडी ठेवून विचारले, "मुली, हे काय आहे?" काशी पुढे झाली. वर्गात सर्वांत स्वच्छ पुस्तकी मराठी तिचे. ती हसून म्हणाली, "ही आमची होरी. बापूस दर्यान नेतो नि म्हावरा हानतो." मग तिच्यामागून एकेक मूल उठले आणि साऱ्यांनी आनंदाने घरच्या बोलीत उत्तरे दिली. मी डोळे वटारले, खाकरलो. काशी माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "मास्तर, काल त्यांनी नारलाला हात लावला नं? मंग त्ये आपलंच हायेत. आपल्या मानसाशी पुस्तकातला बोलाचा कसा?"

मी हे साहेबांना समजावून सांगितले. मुले पुस्तकी बोलतात, आपण एकवार परके होऊन विचारा, असे हात जोडून म्हणालो. ते लाल झाले. "म्हणजे तुमच्या हिशेबी मी कोळी झालो की काय?" असे विचारून उठले. शेरा दिला: मुलांस मराठी येत नाही, प्रयोग बंद करावा. तुलना झालीच नाही. वर्ग जुन्या रीतीवर गेला, आणि मुले एकामागून एक होड्यांवर आणि मिठागरांत गेली. काशीची पाटी तिच्या आईने चुलीवर झाकण म्हणून वापरली. मला फार वाईट वाटले. अजून वाटते.

डेप्युटीसाहेबांना मी काहीही ठेवत नाही. वाडीने त्यांना जे दिले होते ते त्यांना नकोच होते.

कलम ५. पेन्शन झाल्यावर ओटीवर तोच वर्ग मी पुन्हा सुरू केला. मूठभर मुले येतात. मासळी विकून झाली की काशीही येत असे, टोपली बाहेर ठेवून, आणि वयाने थोराड झाल्याचे मनावर न घेता लहानांत बसून वाचायला शिकली. तक्ते, पाट्या व होडीचे चित्र केसरच्या ताब्यात राहावे. चित्राचा कोपरा वाळवीने खाल्ला आहे. पुढेमागे सगळेच खाईल, तोवर चालवावे.

कलम ६. सदा यास माझे घड्याळ, छत्री व होडीतील आमचा वाटा. यात त्याचा अपमान नाही. मात्र मुंबईस गेल्यापासून तो घरात पाऊल टाकतो ते "अहो बाबा, आपली प्रकृती कशी आहे?" असे म्हणत. बहिणीशीही तसेच. मी शिकवलेल्या नियमाने पाहिले तर आम्ही त्याला परके झालो आहोत. हा नियम त्याच्याइतका पक्का कोणीच पाळला नाही.

कलम ७. आमच्यात अग्नी देण्याआधी थोरला मुलगा मेलेल्याच्या कानात हाक मारतो. उत्तर येत नाही, मग सगळ्यांची खात्री पटते. त्याबद्दल पुढचे लिहिणे कोर्टासाठी नाही. ते केसरने सदाला मोठ्याने वाचून दाखवावे.

सदा, माज्या कानात 'अहो बाबा' म्हनू नको. त्या हाकेला मी ओ देनार न्हाय. ल्हान व्हतास तवा मी परगावच्या शालेतून होरीन याचो, नि तू वालूतून धावत येऊन वरडाचास, "ए बा!" तशी मार. येकदाच मार. तुना लाज वाटली तर केसरला मारू दे, नि आग पन तिच्याच हातान लागू दे. मी रागवनार न्हाय. मना निसता आयकाचा हाय.

येणेप्रमाणे हे मृत्युपत्र मी राजीखुशीने, वाचून, समजून केले. मुक्काम दांडवाडी, तारीख ९ मे १९३८.

सही: काळूराम येसाजी नाखवा

साक्षी:

१. बाबाजी पाटील. निशाणी डाव्या हाताचा अंगठा.

२. काशी दादू वैती. मास्तरांनी माज्या समोर सही केली. मी सोता वाचला नि सोता लिवला. कागद आपल्याच मानसाचा हाय, म्हनून घरच्या बोलीत लिवला.