डाव्या कानावरची पेन्सिल

२ मार्च

ती. ताईस, सा. न. वि. वि.

झालं, ताई! म्हणजे जवळजवळ झालं! माझा पहिलावहिला सिनेमा, शेवटचा एक प्रसंग सोडला तर सगळा चित्रित करून झाला. चार दिवस झोप नाही, दाढी नाही, पण अंगात असं वारं शिरलंय की विचारू नकोस.

पाकीट हलवून बघ, पेनड्राइव्ह पडेल. त्यात पाच मिनिटांचा तुकडा आहे. फोन केला असता, पण तू फोन घेतलास की खाली दुकानात अण्णांचा रंधा थांबतो आणि कान टवकारतात, हे मला इथूनसुद्धा दिसतं. मेसेज करावा तर दुकानाच्या ऑर्डरी तुझ्याच फोनवर येतात, म्हणजे आधी वाचणार तेच. त्यापेक्षा तुझ्या शाळेच्या पत्त्यावर पत्र बरं.

गोष्ट तुला ठाऊक आहे. फर्निचर बनवणारा बाप, त्याने भांडून घराबाहेर काढलेला मुलगा आणि अखेर दोघांचा समेट. हसू नकोस. शेवटी मुलगा परत येतो, बाप दार उघडतो आणि मिठी मारतो. कागदावर झकास वाटतं, पण तालमीत बापाचं काम करणारे नटच म्हणाले की हे काही पटत नाही. पटेल कसं? मला अनुभव कुठे आहे? नऊ वर्षं झाली, अण्णा माझ्याशी एक शब्द बोललेले नाहीत. माझ्या कामाकडे तू जन्मात डोळे वर करून बघितलं नाहीस, असं म्हणाले होते. तेच शेवटचं.

१४ तारखेला शेवटचा प्रसंग आहे. त्याआधी त्यांना हा तुकडा दाखव. चिडले तर चिडू देत, पण एकदा बघू देत. मला माझे अण्णा परत हवेत, ताई. सिनेमाचं नंतर बघू.

लोभ आहेच, या खेपेला तो थोडा वाढवून दे.

तुझा,
लंबू

६ मार्च

चि. लंबूस, अनेक आशीर्वाद.

दाखवला रे, दाखवला! काल शाळेला सणाची सुट्टी होती. गिऱ्हाइकाच्या कपाटाचं डिझाइन आलंय अशी थाप मारून त्यांना कॉम्प्युटरपुढे बसवलं. सुरुवातीलाच तुझं नाव आलं. म्हटलं, आता उठतात. नाही उठले. बाप मुलाला घराबाहेर काढतो तो भाग आला. अण्णा ढिम्म!

मग तो नट रंधा मारायला लागला आणि अण्णा ताडकन उठले. काय तो आरडाओरडा! रंधा उलट्या हातांनी, हातोडी डाव्या हातात आणि पेन्सिल, तीसुद्धा डाव्या कानावर! तीन वेळा मागे नेऊन बघितलं आणि तिन्ही वेळा नव्याने चिडले. जेवतानाही तेच. तुझे भावजी म्हणाले की जाऊ द्या हो, सिनेमा आहे, तर त्यांनाही दोन बोल ऐकावे लागले. अरे, बापाने पोराला हाकललं त्याचं काही नाही, दुःख पेन्सिलीचं!

आणि आता खुर्ची घट्ट धर. अण्णांनी कागद मागितला! नऊ वर्षांनी! त्यांची चिठ्ठी सोबत आहे. मी वाचलेली नाही. बरं, वाचली आहे.

जेवत जा वेळेवर, आणि आमच्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
ताई

(सोबत)

दिग्दर्शक महाशयांस, नमस्कार.

आपला तुकडा पाहिला. रंध्याची मागची मूठ उजव्या हातात धरतात. हातोडी उजव्यात, पटाशी डाव्यात. पेन्सिल उजव्या कानावर. आपल्या नटाचं एकूण एक उलटं आहे. बरं, डावखुरा म्हणावा तर सही उजव्या हाताने करतो. म्हणजे हे त्याला कोणीतरी शिकवलेलं आहे. ज्याने शिकवलं त्याला आधी कामावरून काढा.

कळावे.

एक सुतार

९ मार्च

ती. अण्णांस, शि. सा. न. वि. वि.

पाकिटातून तुमचं अक्षर बाहेर आलं आणि आनंदाने मी सगळ्या युनिटला चहा सांगितला. आत शिव्या आहेत हे नंतर कळलं. तरी आनंद कमी झाला नाही.

नटाला मीच शिकवलं, तेव्हा काढायचं तर मलाच काढावं लागेल. बोटं तुटतील, अभ्यास कर, म्हणून तुम्ही मला कधी हत्याराला हात लावू दिला नाहीत. त्यामुळे करून बघितलेलं काहीच नव्हतं. डोळे मिटले की तुम्ही जसे दिसता, तसं शिकवलं. इतके स्पष्ट दिसता, की आपण चुकत असू असं मनातही आलं नाही. उलटं कुठे झालं, ते अजूनही कळत नाही.

१४ तारखेला शेवटचा प्रसंग आहे, पत्ता मागे लिहिला आहे. याल? माझ्याशी बोलला नाहीत तरी चालेल. लाकडाशी बोला.

आज्ञाधारक कधीच नव्हतो, पण तुमचाच,
लंबू

१२ मार्च

चि. लंबूस, अनेक आशीर्वाद. बाकी सगळं मरू दे, आधी हे वाच!

तुझं पत्र अण्णांनी वाचलं आणि खिशात घातलं. आज शाळेतून आले तर खाली आवाजच नाही. डोकावते तर काय, अण्णा तुझ्या त्या बुटक्या स्टुलावर! त्यांच्या कामाच्या टेबलासमोरच्या, जिथे बसून तू गृहपाठ करायचास. गुडघे हनुवटीला आलेले, समोर रिकामं टेबल, आणि हा माणूस हवेत हात चालवतोय, एकदा उजवा, एकदा डावा. म्हटलं, खुळावले की काय!

मग मला हाक मारली, टेबलामागे त्यांच्या जागी उभं केलं आणि रंधा धरायला लावलं. माझा उजवा हात त्यांच्या डाव्या हातासमोर आला. ते बघतच राहिले. म्हणाले की गाढवाने समोर बसून बघितलंय सगळं, आरशात बघावं तसं उचललंय. मी म्हटलं, दहा वर्षं तिथे बसत होता, दुसरं बघणार काय? तर म्हणाले की मला वाटायचं, पुस्तकात बघतोय. आणि डोळे पुसायला लागले. भुसा गेला म्हणे. भुसा! दिवसभरात रंधा एकदाही चाललेला नाही.

हत्यारांची पेटी बांधून तयार आहे. उद्या सकाळची बस. कुठे जाताय विचारलं, तर म्हणाले, कामाला. त्यांची रक्तदाबाची गोळी वरच्या खिशात आहे, आठवण कर.

मला इथे बसवत नाहीये. सगळं सविस्तर लिही, नाहीतर बहीण विसर.

ताई

१६ मार्च

ती. ताईस, सा. न. वि. वि.

तुझं पत्र यायच्या आत अण्णाच आले! मी म्हटलं, या. त्यांनी विचारलं, टेबल कुठाय? एवढंच. सेटवरचं टेबल डुगडुगत होतं, आधी त्याच्या पायाखाली पाचर मारली. मग नटांना दोन तास असं पिदडलं, की आमचे एवढे नावाजलेले नट शाळेतल्या पोरासारखे विचारून पाणी प्यायला गेले.

शेवटी मी भीत भीत सांगितलं की बाकीचा सिनेमा डाव्या हाताने झालाय, आता बदलता येत नाही. म्हटलं, आता पेटी उचलून निघतात. पण ते म्हणाले की डावखुरे सुतारही असतात जगात, त्यांनी काय उपाशी मरायचं? फक्त ती उजव्या हाताची सही कापा. कापली, ताई, तिथल्या तिथे!

मग नटांना दाखवायला ते स्वतः रंधा मारत होते आणि मी सवयीने समोर उभा राहून बघत होतो. त्यांनी हात थांबवला. म्हणाले की तिकडून उलटं दिसतं, या बाजूला ये. मी गेलो. माझा हात मुठीवर ठेवून त्यांनी वर आपला हात ठेवला आणि ढकलला. ही लांबच लांब ढलपी निघाली! मी सगळ्यांसमोर रडलो. लाज कसली?

नट म्हणाले की हाच तुमचा शेवट. दार नाही, मिठी नाही. बाप म्हणतो, या बाजूला ये, आणि सिनेमा संपतो. एका फटक्यात झाला तो प्रसंग. गोळी त्यांनी वेळेवर घेतली. रात्रीच्या मुक्कामात मात्र घोरून मला जागं ठेवलं.

तुझे उपकार फेडत नाही, तसेच राहू देत.

तुझा,
लंबू

१८ मार्च

चि. लंबूस, अनेक आशीर्वाद.

सुखरूप पोचलो. पेटी उघडली तर मोठा रंधा नाही. तुमच्या टेबलावर राहिला असावा. चाळीस वर्षांत मी हत्यार कुठे विसरलो नव्हतो, म्हणून ताई हसते आहे. हसू दे तिला.

स्टुलावर आता पॉलिशचे डबे ठेवले आहेत. टेबलाच्या माझ्या बाजूला दोन माणसं उभी राहतील एवढी जागा केली आहे.

रंधा पोस्टाने पाठवू नकोस, पात्याला मार लागतो. स्वतः घेऊन ये.

तुझे,
अण्णा