तळ्याकडचा कोपरा

प्रिय बारक्या,

तुझा निरोप मिळून आज पाच दिवस झाले. "ताडपत्रीचा साधा आडोसा कसा बांधायचा ते चार ओळींत लिहून पाठव," असं कळवलंस. चार ओळींत! बाबांना नुसती झाडं निवडायला अर्धी सकाळ लागायची आणि तुला चार ओळी हव्यात. फोनवर लिहायला बसले होते, पण माझी बोटं त्या काचेवर कधी सरळ चालली नाहीत. शेवटी मापं लिहायच्या वहीचे कागद फाडून घेतले. ट्रकची एक मोठी ताडपत्री आज शिवून व्हायला हवी होती, ती मशीनखाली तशीच पडली आहे. दुपारची वेळ आहे, शटर अर्धं खाली ओढलंय. गिऱ्हाईक आलं तर वाकून येईल.

तुझ्या निरोपाच्या दुसऱ्या दिवशी ठमीचाही फोन आला होता, हे तुला माहीत नसेल. शाळेच्या सहलीत प्रत्येक मुलाने आई किंवा बाबांबरोबर आडोसा बांधायचा, एवढंच तू मला सांगितलं होतंस. तू जाणार नाहीस, तिची आई जाणार, हे मला तिच्याकडून कळलं. मला म्हणाली, "आत्या, ताडपत्रीवाल्याच्या मुलाला गाठी येत नाहीत असं असतं का गं?" मी काहीतरी थातुरमातुर बोलले. मग म्हणाली, "मी खूप हट्ट केला तर बाबा म्हणाले, माझ्या हातच्या गाठीखाली तुला झोपवणार नाही." दहा वर्षांच्या पोरीला त्यातलं काय कळणार? मला कळलं. तेव्हापासून घास गोड लागत नाही. शिवाय बाबांचा तुझ्यासाठी एक निरोप आहे, तो गेले आठ महिने माझ्याकडे पडून आहे. तोही सांगते, पण आधी ताडपत्री, नाहीतर माझ्याच्याने हे पत्र पुरं व्हायचं नाही.

तर पहिली गोष्ट जागा. जमिनीकडे बघायच्या आधी वर बघायचं. दरवर्षी तळ्यावर मुक्कामाला पोचलो की बाबा मान वर करून असे फिरायचे, की आई म्हणायची, "काय हरवलंय हो आभाळात?" डोक्यावर वाळकी फांदी नको. खोलगट जागा नको, पाणी साचतं. थोडा उतार असला तर चांगलं, झोपताना डोकं चढाकडे ठेवायचं. दोन झाडांमध्ये मोठ्या माणसाची पाच-सहा पावलं अंतर हवं. मोठ्या माणसाची म्हणतेय, कारण तू मोजायला लागलास की झाडं इतकी जवळ यायची की मधे फक्त टॉवेल वाळत घालता आला असता. बाबा तरीही दरवर्षी तुलाच मोजायला लावायचे आणि मग गुपचूप पुढचं झाड धरायचे. तुला वाटायचं तूच निवडलंय.

झाडांना आडवी दोरी बांधायची, ठमीच्या खांद्याएवढ्या उंचीवर. जास्त उंच नको, वारा आत शिरतो. दोरी इतकी ताणायची की बोटाने छेडली तर वाजली पाहिजे. तिच्यावर ताडपत्री टाकायची, दोन्ही बाजूंना सारखी, आणि तिची उतरती बाजू वाऱ्याकडे करायची. कडेचं एखादं भोक फाटलेलं असेल तर घाबरायचं नाही. एक गुळगुळीत गोटा घ्यायचा, कापडाच्या आतून कोपऱ्यात धरायचा आणि बाहेरून त्याच्या मानेभोवती दोरी आवळायची. ही युक्ती तुझी आवडती होती. तुझ्या चड्डीच्या खिशात बाराही महिने गोटे असायचे आणि आई कपडे धुताना तुझ्या नावाने शंख करायची. खुंट्या ठोकताना त्यांचं डोकं आडोशापासून बाहेरच्या बाजूला कललेलं हवं. चारांपैकी एक कोपरा बाकीच्यांपेक्षा हातभर खाली ठेवायचा, म्हणजे पावसाचं पाणी तिथूनच जातं आणि ताडपत्रीच्या पोटात साठत नाही.

आणि कोपऱ्यांचा नियम. तो आपल्या घराबाहेर कुणी पाळत असेल असं मला वाटत नाही. आपण चौघं, चार कोपरे. ज्याचा कोपरा त्यानेच बांधायचा आणि त्यानेच सोडायचा, दुसऱ्याने हात लावायचा नाही. बाबासुद्धा लावायचे नाहीत. आईचा कोपरा दरवेळी ढिला असायचा आणि पहाटे ताडपत्री बाबांच्या तोंडावर लोंबायची, तरी ते ती हाताने वर धरून पडून राहायचे, पण आईच्या गाठीला हात लावायचे नाहीत. तळ्याकडचा कोपरा सगळ्यात महत्त्वाचा, कारण वारा तिकडूनच यायचा. तू बारा वर्षांचा झालास त्या वर्षी बाबांनी तो तुला दिला. तोवर तो माझा होता.

आता गाठ. कोपऱ्याला नेहमी सुरगाठ मारायची, निरगाठ कधी नाही. तुला मी हे सांगावं म्हणजे कमाल आहे, पण ठमीसाठी लिहिते. दोरी खुंटीमागून फिरवायची, स्वतःवरून घ्यायची आणि शेवटी टोक सबंध न ओढता त्याचा फास आत घालायचा. शेपूट वीतभर बाहेर राहू द्यायचं. वादळ आलं आणि ताडपत्री शिडासारखी भरली, तर वाऱ्याकडचं ते शेपूट एकदा ओढायचं, सगळं कापड आपोआप जमिनीवर झोपतं आणि कुणाला इजा होत नाही. ओली झालेली निरगाठ देवालाही सुटत नाही, असं बाबा म्हणायचे. ठमी डावखुरी नाही ना? असेल तर तिला समोर बसवून शिकव. मला शिकवताना बाबा वैतागायचे. माझी दोरी उलट्या बाजूने फिरते ना. "तायडीचं बघून शिकू नकोस रे," तुला म्हणायचे, "तिची गाठ आरशातली."

तुला तो कोपरा मिळाला त्याच वर्षीच्या त्या दुपारचं तुला सगळं आठवतं, मला माहीत आहे. तरी लिहिते. आपण आडोसा बांधून झाल्यावर तू तळ्यात उतरलास. आई अंडी उकडत होती. पलीकडच्या काठावरून वारा उठला तो इतका अचानक, की पातेलंच कलंडलं. बाबा तळ्याकडच्या कोपऱ्याकडे धावले आणि त्यांनी शेपूट शोधलं. शेपूट नव्हतं. त्यांनी दोरी दोनदा तळहाताभोवती घेतली, जरा ढील मिळाली तर गाठ सुटेल म्हणून, आणि तेवढ्यात ताडपत्री उचलली गेली. गळ टाकून बसलेला एक माणूस सुरी घेऊन पळत आला, दोरी कापली, पण उजव्या हाताची दोन बोटं तोवर गेली होती आणि तिसरं नंतर कधी वाकलं नाही. बाबा एकदाच ओरडले, "निरगाठ कुणी मारली? कोपरा कुणाचा?" तू ओल्या अंगाने उभा होतास. म्हणालास, "माझा. पण मी सुरगाठ मारली होती, बाबा."

त्यानंतर बाबांनी तुला एका शब्दाने दुखावलं नाही. आई मात्र एकदा त्यांची जखम धुताना बोलून गेली, "एक गाठ धड मारता येऊ नये?" आणि तू ताटावरून उठलास. पुढे तू दुकानात यायचंच सोडलंस. बाबांना दाभण धरता येईना, म्हणून मी शाळा सोडून मशीनवर बसले आणि सगळे म्हणायला लागले, पोरगी किती गुणाची, घर सावरलं. ते ऐकताना तू कुठे बघायचास ते मी पाहिलंय. एकोणिसाव्या वर्षी गेलास तो इतक्या लांब, की तुझ्याकडे दुपार असते तेव्हा माझ्याकडे संध्याकाळ झालेली असते. चष्म्याच्या काचा घासायचं काम धरलंस, जिथे सुतळीचा तुकडाही लागत नाही. नाडीचे बूट तू पुन्हा कधी घातले नाहीस, ठमीलाही चिकटपट्टीचेच घेतोस. मला दिसत नाही असं समजू नकोस. बाबा गेल्यावर त्यांची गादी गुंडाळून बांधायची होती, तेव्हा दोरी माझ्या हातात देऊन म्हणालास, "तायडे, तू बांध." आणि मग, त्याच दिवशी, चहा पिताना तू म्हणालास, "मीच मारली असेल गं निरगाठ. लहान होतो. पण मला अजून वाटतं, मी सुरगाठच मारली होती." मी कप उचलले आणि आत गेले. कप अजून भरलेले होते.

बाबांचा निरोप सांगते. हॉस्पिटलमधला शेवटचा आठवडा होता. तुझं तिकीट मिळालं होतं, पण तू पोचायचा होतास. त्यांनी माझा डावा हात आपल्या त्या तुटक्या हातात घेतला आणि म्हणाले, "त्याला तू सांग. मी सांगून उपयोग नाही." मी विचारलं, "काय सांगू, बाबा?" त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि डोळे मिटले. मला कळलं नाही असं मी स्वतःला आठ महिने सांगतेय. खोटं आहे ते. मला तेव्हाच कळलं होतं. आणि गेल्या महिन्यात त्यांची दाभणांची पेटी आवरताना, तळाशी, मेणकापडात गुंडाळलेला दोरीचा एक तुकडा सापडला. दोन्ही टोकं सुरीने कापलेली आणि मधे निरगाठीवर निरगाठ. तुला आठवत असेल, अपघातानंतर पंधरा दिवसांनी, हात गळ्यात बांधलेला असताना, बाबा एकटेच बसने तळ्यावर गेले होते. ताडपत्री आणायला, असं म्हणाले होते. ती गाठ उलट्या बाजूने फिरलेली आहे, बारक्या.

तू पोहायला धावलास तेव्हा मी तुझ्या कोपऱ्याशी गेले होते. तुझी सुरगाठ होती. नीट होती, शेपूटही वीतभर होतं. पण मला वाटलं, एवढ्याशा पोराची गाठ, रात्री सुटेल आणि सगळे भिजतील. मी ती सोडली आणि माझी मारली, आणि धीर धरवेना म्हणून वर आणखी एक. मोठ्या बहिणीने अक्कल पाजळली, बस्स. तू "माझा कोपरा" म्हणालास तेव्हा मी तुझ्या शेजारीच उभी होते. तेव्हा भीतीने बोलले नाही. मग सगळे मला गुणाची म्हणत होते म्हणून बोलले नाही. नंतर इतकी वर्षं गेली की कुठल्या तोंडाने बोलू, म्हणून बोलले नाही. बाबांना पंधराव्या दिवशी कळलं आणि मी आपण होऊन सांगेन म्हणून ते एकोणतीस वर्षं थांबले. मला त्यांचा रागही येतो. त्यांनी मला दोन थोबाडीत द्यायला हव्या होत्या आणि तुला परत आणायला हवं होतं. पण त्यांचा नियम होता ना, दुसऱ्याच्या गाठीला हात लावायचा नाही. माफी मागायची कशी ते मला सुचत नाही. यापुढे तू मला कधीच फोन केला नाहीस तरी मी काय म्हणणार? फक्त सहलीला ठमीबरोबर तू जा. दोरी बांध, तुझ्या हाताला सगळं येतं, बारा वर्षांचा होतास तेव्हाही येत होतं. बाबांच्या पेटीतली ती गाठ या पाकिटात ठेवली आहे, माझ्या शब्दावर तुझा विश्वास बसला नाही तर ती बघ. आणि ठमीला तिचा एक कोपरा दे. तिने तो बांधला की मागून जाऊन तपासू नकोस.

तुझीच,
तायडी